फॉर्म म्हणतो ‘नोंदणी झाली’, मेल मात्र येत नाही. पीएचपीतून मेल पाठवणारं कोणी आहे का इथे?

भुट्टेकीस (इंदूर)
मंडळी, मदत हवी आहे आणि जरा घाईची आहे.

इथल्या एका मराठी मंडळाची वेबसाइट मी सांभाळतो. सांभाळतो म्हणजे काय, पाच वर्षांपूर्वी बैठकीत कोणीतरी "तू कॉम्प्युटरवाला ना रे?" म्हणालं आणि नाही म्हणायला मला उशीर झाला. गणपतीत मुलांची चित्रकला आणि श्लोकपाठांतर अशा स्पर्धा असतात. त्यांचा नोंदणी फॉर्म साइटवर आहे. पालक तो भरतात, एक छोटी पीएचपी स्क्रिप्ट (सर्व्हरवर चालणारा छोटासा प्रोग्रॅम) मंडळाच्या पत्त्यावर मेल टाकते आणि स्पर्धेचं बघणाऱ्या काकू मेल उघडून वहीत नाव उतरवतात. चार वर्षं बिनबोभाट चाललं.

यंदा काकूंच्या वहीत तीन नावं आहेत, तीही फोनवरून आलेली. पालक म्हणतात आम्ही केव्हाच भरलाय, पडद्यावर ‘धन्यवाद, नोंदणी झाली’ आलं होतं. काल दर्शनाला गेलो तर देवळाच्या पायरीवर दोन आयांनी मला गाठलं.

स्क्रिप्टमध्ये साधं मेल() फंक्शन आहे. ते ट्रू, म्हणजे ‘जमलं’, असं परत देतं. एरर लॉग कोरा. पाठवायचा पत्ता बदलून माझा खासगी जीमेल टाकला तर मेल येतो, स्पॅममध्ये येतो पण येतो. मंडळाचा पत्ता टाकला की गायब! परतसुद्धा फिरत नाही. शेअर्ड होस्टिंग आहे, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट, आणि साइट सांभाळायला सीपॅनल आहे. होस्टिंगवाल्यांचं उत्तर: आमच्या बाजूने सगळं ठीक आहे. स्पर्धेला बारा दिवस उरलेत.

राजवाडा_टू_सराफा
भिया, होस्टिंगवाल्यांच्या बाजूने कधी काही बेठीक असल्याचं ऐकलंय का?

साधासरळ
गूगल फॉर्म करा, दुवा व्हॉट्सॲपवर टाका, दहा मिनिटांचं काम. २० ओळींच्या स्क्रिप्टसाठी रात्र का जाळायची?

भुट्टेकीस (इंदूर)
@साधासरळ, मनात तेच आलं होतं. पण दुवा छापील पत्रिकेवर गेलाय. ६०० पत्रिका वाटून झाल्या.

मांडवीकरीण (वडोदरा)
मेल() ट्रू देतं याला फार अर्थ नाही. मेल त्याच सर्व्हरवरच्या टपालखात्याने, म्हणजे सेंडमेल किंवा एक्झिम जे काही असेल त्याने, हातात घेतलं एवढंच ते सांगतं. पुढे ते पोचलं, अडकलं की कचऱ्यात गेलं, हे त्या ट्रूला ठाऊक नसतं.

मेल() काढून टाका. मेल पाठवायची पीएचपीमेलर ही तयार लायब्ररी वापरा, एसएमटीपीने (मेल पाठवताना सर्व्हर बोलतात त्या ठरीव भाषेने) खात्यात लॉगिन करून पाठवा आणि त्यातलं एसएमटीपीडीबग २ वर ठेवा. मग सर्व्हर आणि तुमची स्क्रिप्ट यांचा सगळा संवाद पडद्यावर दिसतो. निदान भांडण कुठे होतंय ते तरी कळेल.

तारमास्तर (ग्वाल्हेर)
मांडवीकरणीने बरोबर सांगितलं. मी तार खात्यात होतो. खिडकीवर पैसे भरले की पावती मिळायची, पण ती तार घेतल्याची पावती, पोचल्याची नव्हे. लोक पावती हातात धरून भांडायला यायचे, तेव्हाही हेच समजावत होतो. तार २०१३च्या जुलैत बंद झाली, समजावणं काही सुटलं नाही.

एक विचारतो. मंडळाच्या पत्त्यावर बाहेरून कोणी मेल टाकला तर पोचतो का? म्हणजे फॉर्ममधून नव्हे, साध्या घरच्या मेलवरून.

भुट्टेकीस (इंदूर)
@तारमास्तर, हो, लगेच पोचतो. म्हणून तर डोकं चालेना.

पीएचपीमेलर आज रात्री बसवून बघतो. ताई, आभार.

अनुस्वार
"मेल टाकला", "मेल टाकलं", "मेल टाकली". एकाच धाग्यात तिन्ही लिंगं होणार असं दिसतंय. आधी ते ठरवा, बाकी सर्व्हरचं बघू.

राजवाडा_टू_सराफा
इंदुरात तो, पुण्यात ती, आणि पोचला नाही की ते.

भुट्टेकीस (इंदूर)
बसवलं. सर्व्हरच्या smtp रकान्यात जीमेलचा पत्ता, पोर्ट ५८७, मंडळाचं मेल खातं आणि त्याचा पासवर्ड. उत्तर: कनेक्ट फेल्ड. डीबगमध्ये सर्टिफिकेटबद्दल, म्हणजे सर्व्हरच्या ओळखपत्राबद्दल, लांबलचक रडगाणं आहे. ‘अपेक्षित नाव जीमेलचं, सर्टिफिकेटवरचं नाव दुसरंच’ अशा अर्थाचं.

(वर एक शब्द रोमनमध्ये राहिला. इथली गाळणी रोमन शब्द असलेला प्रतिसाद उडवते म्हणतात, हा कसा वाचला देव जाणे. पुढे कमांडसुद्धा देवनागरीत लिहीन, हसू नका.)

शून्यपूर्णांक
हा जुनाच त्रास आहे. पीएचपी ५.६ पासून, म्हणजे २०१४पासून, सर्टिफिकेट तपासणी आपोआप चालू असते. एसएमटीपी ऑप्शन्समध्ये व्हेरिफाय_पिअर आणि व्हेरिफाय_पिअर_नेम दोन्ही फॉल्स करा. एका मिनिटात सुटेल. मी दहा साइटवर केलंय.

मांडवीकरीण (वडोदरा)
थांबा! ते करू नका.

@शून्यपूर्णांक, दारावर कोणी "मी वीज मंडळाचा" म्हणत आला, ओळखपत्रावर नाव भलतंच निघालं, तर आपण ओळखपत्र बघणंच बंद करतो का?

शून्यपूर्णांक
ताई, चित्रकला स्पर्धेचा फॉर्म आहे, बँकेचा नाही.

मांडवीकरीण (वडोदरा)
पासवर्ड मंडळाच्या खात्याचा आहे. त्याच खात्यावर देणगीच्या पावत्या, सभासदांची यादी, सगळं असणार. तो कोणाच्या हातात जातोय ते न बघताच द्यायचा?

भुट्टेकीस (इंदूर)
ताई, तुमचा प्रतिसाद वाचायच्या आधीच मी ते करून बसलो होतो. 😐

आता सर्टिफिकेटचं रडगाणं थांबलं, पण ‘५३५ इनकरेक्ट ऑथेंटिकेशन डेटा’ आलं. पासवर्ड तीनदा तपासून टाकला. मग कुठेतरी वाचलं की गूगल आता साधा पासवर्ड घेत नाही, दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून सोळा अक्षरांचा ॲप पासवर्ड काढावा लागतो. तोही काढला, टाकला. तरी ५३५.

वाचनमात्र
नुसत्या पासवर्डवर आत घेणारी ‘कमी सुरक्षित ॲप’वाली खिडकी गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी २०२२च्या मे महिनाअखेरीस बंद केली, बाकीच्यांसाठी नंतर. त्यामुळे ॲप पासवर्ड बरोबरच काढलात. तरी ५३५ म्हणजे गंमत आहे.

तारमास्तर (ग्वाल्हेर)
भुट्टेकीस, डीबगमधली अगदी पहिली ओळ इथे द्या. जोडणी झाल्याबरोबर समोरचा सर्व्हर २२० म्हणून नमस्कार करतो, ती. नाव खोडलंत तरी चालेल, कोणाचं आहे तेवढं सांगा.

भुट्टेकीस (इंदूर)
२२०, मग आमच्या होस्टिंगवाल्यांच्या सर्व्हरचं नाव, मग ‘ईएसएमटीपी एक्झिम ४’ आणि पुढे तारीख.

अरे. मी तर जीमेलला जोडायला सांगितलं होतं ना?

तारमास्तर (ग्वाल्हेर)
बघा. दार गूगलचं ठोठावलंत, उघडलं होस्टिंगवाल्याने.

शेअर्ड होस्टिंगवर हे नेहमी आढळतं. एखाद्या गिऱ्हाइकाची स्क्रिप्ट बिघडून जगाला कचरा मेल पाठवत सुटू नये म्हणून बाहेर जाणारी एसएमटीपी जोडणी मधेच वळवून स्वतःच्याच एक्झिमकडे आणतात. पोर्ट २५, ४६५, ५८७, कुठूनही निघालात तरी चौकी एकच. त्यांच्या जागी ते बरोबर आहेत, फक्त तसं सांगत नाहीत.

सर्टिफिकेटची तक्रार त्यामुळेच होती. नाव जुळेना कारण माणूसच दुसरा होता. ५३५सुद्धा गूगलचा नव्हे. गूगल नाही म्हणताना ‘युजरनेम अँड पासवर्ड नॉट ॲक्सेप्टेड’ म्हणतो. ‘इनकरेक्ट ऑथेंटिकेशन डेटा’ ही एक्झिमची भाषा. त्याच्याकडे तुमचं ते खातंच नाही किंवा पासवर्ड वेगळा आहे, तो तरी काय करणार?

थोडक्यात, मंडळाचा पासवर्ड आणि ॲप पासवर्ड दोन्ही तुम्ही परक्या सर्व्हरला वाचून दाखवलेत. ते लोक वाईट आहेत असं म्हणत नाही. पण ॲप पासवर्ड रद्द करा, मूळ पासवर्ड बदला आणि ते दोन फॉल्स काढा.

शून्यपूर्णांक
मान्य. माझ्या दहा साइट आता उघडून बघाव्या लागणार. झोप गेली.

राजवाडा_टू_सराफा
झोप गेलीच आहे तर सराफ्यात खायला या. साडेअकरा झालेत, आत्ताशी रंग चढतोय. धाग्याच्या मालकाच्या नावाचा पदार्थ मिळतो, पावसाळ्यातला सगळ्यात ताजा.

मांडवीकरीण (वडोदरा)
भुट्ट्याच्या किसात साखर घालता का तुम्ही लोक? आमच्याकडे एकदा इंदूरच्या पाहुण्यांनी केला होता, गोडसर लागला.

राजवाडा_टू_सराफा
साखर?! दुधात शिजतो, मक्याची स्वतःची गोडी असते ती. आणि वडोदऱ्याच्या माणसाने कोणाला गोड म्हणू नये.

मांडवीकरीण (वडोदरा)
सेव-उसळ खाऊन बघा मग बोला. डोळ्यांतून पाणी येईल. गोड म्हणे.

तारमास्तर (ग्वाल्हेर)
आम्ही सकाळी बेडई खातो आणि वादात पडत नाही.

हे ५३५, २२० काय आहे असं एका नातवंडाच्या वयाच्या सदस्याने मला निरोपातून विचारलंय, म्हणून इथेच लिहितो. एसएमटीपीचा नियम १९८२चा, जॉन पोस्टेल यांनी लिहिलेला, आणि आकड्यांची पद्धत तेव्हापासूनचीच. पहिला अंक बघायचा. दोन म्हणजे झालं. तीन म्हणजे बोला पुढे, ऐकतोय. चार म्हणजे आत्ता नाही, नंतर या. पाच म्हणजे येऊच नका. चारने सुरू होणारं उत्तर आलं तर घाबरू नये, चांगला सर्व्हर मेल रांगेत ठेवून पुन्हापुन्हा प्रयत्न करतो. मला हे फार ओळखीचं वाटलं, कारण तारेतही शुभेच्छांच्या ठरीव मजकुराला नंबर असत. लग्नाला वेगळा, दिवाळीला वेगळा. नंबर टाकायचा, पलीकडे अख्खं वाक्य निघायचं. चुकीचा नंबर पडला तर काय होई त्यावर वेगळा धागा काढीन.

राजवाडा_टू_सराफा
काढाच!

अनुस्वार
"नंतर या" आणि "येऊच नका". सरकारी कार्यालयात पहिला अंक निदान दाखवत तरी नाहीत.

भुट्टेकीस (इंदूर)
म्हणजे गूगलकडून पाठवणं या होस्टिंगवर जमणार नाही. मग पुन्हा मेल() वरच आलो, आणि मूळ प्रश्न तसाच आहे: माझ्या जीमेलला पोचतो, मंडळाच्या पत्त्याला का नाही?

तारमास्तर (ग्वाल्हेर)
तोच विचार करत होतो. स्क्रिप्टमधून परक्याला पोचतो. बाहेरून मंडळाला पोचतो. फक्त आपल्याच सर्व्हरवरून आपल्याच डोमेनला पोचत नाही. घरातल्या घरात चिठ्ठी हरवते आहे.

मंडळाचं मेल राहतं कुठे? होस्टिंगवरच की दुसरीकडे? पहिल्यापासून तिथेच आहे का?

भुट्टेकीस (इंदूर)
आधी होस्टिंगवरच होतं. जागा भरली म्हणून जूनमध्ये एका उत्साही पुतण्याने (अध्यक्षांच्या) ते गूगलकडे नेलं. मला वाटलं त्याचा याच्याशी काय संबंध.

मांडवीकरीण (वडोदरा)
😂😂😂 हे पहिल्या पोस्टमध्ये सांगायचं होतं हो!

वाचनमात्र
डॉक्टरांकडे जाऊन पोट दुखतं म्हणायचं आणि काल लग्नात जेवलो हे निघताना दारात सांगायचं.

तारमास्तर (ग्वाल्हेर)
सापडलं मग. डोमेनचा एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे त्याचं टपाल कुठे द्यायचं ती नोंद, पुतण्याने गूगलकडे वळवली. जगाला नवा पत्ता कळला, म्हणून बाहेरचं टपाल बरोबर जातं. पण होस्टिंगचा एक्झिम एमएक्स विचारतच नाही, कारण त्याच्या यादीत हे डोमेन अजून ‘आपल्याच घरचं’ आहे. घरचं पत्र बाहेर कशाला धाडायचं? तो ते तिथल्याच जुन्या पेटीत टाकतो आणि काम झालं म्हणतो. परत फिरणार कसं, त्याच्या मते तर ते पोचलंय.

सीपॅनलमध्ये ‘ईमेल राउटिंग’ असं पान आहे. तिथे ‘लोकल मेल एक्स्चेंजर’ निवडलेलं असेल. ते ‘रिमोट’ करा. घर बदललेल्या माणसाची जुनी पाटी काढायची राहून जाते ना, तसं झालंय.

साधासरळ
तरी मी म्हणतोच, गूगल फॉर्म.

मांडवीकरीण (वडोदरा)
@साधासरळ, तुमच्या म्हणण्यात अर्धं तथ्य आहे, आणि ते मेलवर नाही, साठवण्यावर आहे. मुलाचं नाव फक्त मेलमध्ये असणं हाच मूळ घोटाळा. भुट्टेकीस, फॉर्म भरला की नोंद आधी डेटाबेसात जाऊ द्या, मेल ही नुसती वर्दी. वर्दी हरवली तरी मूल हरवत नाही. ‘नोंदणी झाली’ ही पाटीसुद्धा डेटाबेसात नोंद पडल्यावरच दाखवा. आत्ता ती कशाच्या जोरावर दाखवताय, त्या ट्रूच्या?

आणि स्पॅमचं राहिलं. मेलमध्ये ‘फ्रॉम’ कोणाचा पत्ता टाकताय?

भुट्टेकीस (इंदूर)
फॉर्म भरणाऱ्या पालकाचा. म्हणजे काकूंना उत्तर द्यायला सोपं.

मांडवीकरीण (वडोदरा)
वाटलंच. म्हणजे तुमचा सर्व्हर दुसऱ्याच्या नावाने सही करतोय. पालकांचा पत्ता याहूचा असेल तर मेल सरळ नाकारला जातो. २०१४च्या एप्रिलपासून याहूने डीमार्कमध्ये ‘आमच्या नावाने दुसऱ्या कोणी पाठवलं तर फेकून द्या’ असं जाहीर लावून ठेवलंय. ‘फ्रॉम’मध्ये मंडळाचाच पत्ता ठेवा, पालकांचा ‘रिप्लाय-टू’मध्ये. काकूंनी उत्तर दाबलं की जातं पालकांनाच.

मग एसपीएफ. डोमेनच्या डीएनएसमध्ये (त्याच्या जाहीर नोंदवहीत) एक टीएक्सटी रेकॉर्ड असतो: आमच्या नावाने कोणकोण पाठवू शकतं त्याची यादी. पुतण्याने तिथे फक्त गूगल लिहिलं असणार. होस्टिंगचा सर्व्हरही त्याच ओळीत जोडा. दुसरा वेगळा रेकॉर्ड करू नका, एसपीएफ एका डोमेनला एकच हवा, दोन झाले की दोन्ही फुकट. २०२४च्या फेब्रुवारीपासून जीमेल एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) यांतलं एक तरी प्रत्येकाकडे मागतो. रोज पाच हजारांवर पाठवणाऱ्यांना दोन्ही, वर डीमार्क. तुमचे पाच हजार श्लोक म्हणणारे होईपर्यंत एक पुरेल, पण डीकेआयएमही करून टाका. सीपॅनलमध्ये ‘ईमेल डिलिव्हरेबिलिटी’ पानावर काय कमी आहे ते दिसतं.

वाचनमात्र
आणि पालकांचा पत्ता रिप्लाय-टूमध्ये घालण्याआधी त्यात नवी ओळ घुसवलेली नाही ना ते तपासा. साधं मेल() हेडर जसंच्या तसं घेतं. कोणी पत्त्याच्या रकान्यात एंटर मारून खाली ‘बीसीसी’ची यादी चिकटवली की तुमचा फॉर्म दुसऱ्याचा टपालवाला होतो. पीएचपीमेलर ही तपासणी स्वतः करतं.

भुट्टेकीस (इंदूर)
राउटिंग ‘रिमोट’ केलं. एक खोटी नोंदणी भरली. मिनिटभरात काकूंचा फोन: "अरे, एक आलं बघ!"

फक्त विषयाच्या ओळीत ‘चित्रकला स्पर्धा’च्या जागी टोप्या घातलेली रोमन अक्षरं आली आहेत. काकू म्हणाल्या फ्रेंच मुलगा दिसतोय.

अनुस्वार
माझ्या विषयावर आलात शेवटी. पीएचपीमेलर वापरत असाल तर कॅरसेट, म्हणजे अक्षरांची संकेतपद्धत, ‘यूटीएफ-८’ असं स्वतः लिहा. न लिहिल्यास ते पश्चिम युरोपचं जुनं आयएसओ वळण धरतं आणि प्रत्येक देवनागरी अक्षराचे तीन तुकडे पडतात. मेल()वर राहिलात तर विषय एमबी_एन्कोड_माइमहेडर या फंक्शनमधून काढा. हेडरची जुनी वाट फक्त इंग्रजी अक्षरांसाठी बांधलेली आहे, मराठीला बेस६४चं पोतं घालूनच जावं लागतं.

आणि स्पर्धेचं नाव ‘श्लोकपाठांतर’ एका शब्दात लिहिल्याबद्दल अभिनंदन.

भुट्टेकीस (इंदूर)
शेवटचा अहवाल देतो. दोन दिवस लागले.

पीएचपीमेलर ठेवलं, पण सर्व्हर म्हणून लोकलहोस्ट (साइटचा स्वतःचाच सर्व्हर) दिला, म्हणजे चौकीवाल्याकडेच राजरोस द्यायचं. व्हेरिफाय_पिअरचे फॉल्स काढले. फ्रॉम मंडळाचा, रिप्लाय-टू पालकांचा. एसपीएफ एका ओळीत. नोंद आधी डेटाबेसात. काकूंना त्याची यादी छापून दिली, त्यांनी ती समोर ठेवून वहीत उतरवली.

तारमास्तर काकांनी ‘जुन्या पेटीत टाकतो’ म्हटलं होतं ते डोक्यात राहिलं होतं. होस्टिंगच्या वेबमेलमध्ये मंडळाच्या जुन्या पत्त्याने आत गेलो. पुतण्याने पेटी रिकामी केली होती, बंद केली नव्हती. आत ७१ मेल, सगळे न उघडलेले. ५८ मुलं, काही पालकांनी दोनदोनदा भरलेलं. देवळाच्या पायरीवरच्या दोन्ही आया त्यात सापडल्या. स्पर्धेची वेळ अकराऐवजी दहाला ठेवलीय, कागद जास्त मागवलेत.

त्यात जुलैतला एक मेल संपर्काच्या फॉर्मवरून आलेला. लोकमान्य नगरच्या एका गृहस्थांनी लिहिलंय, वडिलांची पायपेटी घरी पडून आहे, मंडळाला उपयोग असेल तर घेऊन जा, उत्तर आलं नाही तर महिन्याभरात देऊन टाकू. महिना उलटून गेला होता. भीतभीतच फोन लावला. पेटी अजून तिथेच आहे. रविवारी आणायला जातोय.

राजवाडा_टू_सराफा
भाता धड आहे का बघ. दुरुस्त करणारा माझ्या ओळखीचा आहे.

मांडवीकरीण (वडोदरा)
किती छान! फोटो टाका हो.

तारमास्तर (ग्वाल्हेर)
पेटीचं उत्तम झालं. पण अहवालात एक दिसलं नाही. तो ॲप पासवर्ड रद्द केलात का?

भुट्टेकीस (इंदूर)
...आत्ता करतो काका.